छत्तीसचा आकडा आणि सेव-उसळ

बडोद्यात दांडिया बाजारातून सूरसागर तलावाकडे चाललो होतो. संध्याकाळची वेळ, नातीचा हात माझ्या हातात. एका लारीपाशी, म्हणजे खाण्याच्या हातगाडीपाशी, ती अचानक थांबली आणि पाटीकडे बघत ओठ हलवू लागली. "से… व… उ… स… ळ." मग क्षणभर काहीच नाही. मग एकदम ओरडली, "आबा, सेव-उसळ!"

लारीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. तेही खरंच होतं, कारण एवढं वाचल्यावर खाल्ल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं.

नात गुजराती शाळेत पहिलीत आहे. घरात मराठी, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी. बडोद्यातल्या आमच्यासारख्या घरांत यात काही नवल नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा स्वतःच्या नावातली अक्षरं तेवढी ती ओळखायची. आता फाल्गुन आहे, कामाटीबागेतल्या पिंपळाला तांबूस पालवी फुटली आहे आणि ही रस्त्यावरच्या पाट्या वाचत चालते. पण मला त्या पाटीपेक्षा 'ळ' आणि 'सेव-उसळ' यांच्यामधल्या क्षणभराच्या शांततेचं कुतूहल वाटलं. त्या शांततेत नेमकं काय घडलं?

पाच सुटे आवाज तिने डोक्यात धरून ठेवले, एकमेकांना जोडले आणि तयार झालेला आवाज ओळखीच्या कुठल्या शब्दाशी जुळतो का ते पाहिलं. जुळला, म्हणून ओरडली. डेव्हिड शेअर या मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये मांडलं की, मूल असा एकेक शब्द फोडून यशस्वीपणे वाचतं तेव्हा ते स्वतःच स्वतःला शिकवत असतं. काही वेळा असं झालं की तोच शब्द पुढे फोडावा लागत नाही, नजरेसरशी ओळखता येतो. यात ग्यानबाची मेख अशी की, शब्द आधी कानाला माहीत असावा लागतो. 'उसळ' हा शब्द आमच्या स्वयंपाकघरातला, म्हणून तो चटकन सापडला. पुस्तकातला एखादा निव्वळ पुस्तकी गुजराती शब्द ती अचूक फोडते आणि तरी कोरा चेहरा करून माझ्याकडे बघते. सगळी अक्षरं बरोबर, पण दाराआड ओळखीचं कोणीच नाही! घरात गप्पा, गोष्टी, भांडणं भरपूर झाली तर मूल वाचायला लवकर शिकतं, त्याचं एक कारण हे आहे.

आता मेंदूच्या बाजूने बघू. बोलण्यासाठी माणसाचा मेंदू लाखो वर्षांत घडत आला. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा अवयव उगवणं शक्य नाही. मग वाचणारा मेंदू जागा आणतो कुठून? फ्रान्समधले मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांचं उत्तर असं: तो जुनीच जागा नव्या कामाला लावतो. डाव्या बाजूला, डोक्याच्या मागच्या-खालच्या भागात वस्तू आणि चेहरे ओळखणारा एक पट्टा असतो. वाचायला शिकलेल्या माणसात त्यातला एक ठरावीक तुकडा अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो, मग लिपी कोणतीही असो. वाड्यातली एक खोली रिकामी करून तिथे पिठाची चक्की बसवावी, तसंच हे.

ही चक्की बसते कधी, हे गिझलेन देहान-लाम्बेर्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. त्यांनी सहा वर्षांच्या दहा मुलांचे मेंदू शाळेच्या पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा एमआरआयमध्ये पाहिले. शाळा सुरू होऊन काही महिने होतात न होतात तोच अक्षरांचा तुकडा उमटू लागला होता. म्हणजे शाळेतल्या बाई, नातीच्या 'बेन', फळ्यावर 'क' गिरवून घेतात तेव्हा आतमध्ये खरोखरच बांधकाम चालू असतं. आणि हे लहानपणीच होतं असंही नाही. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यातही बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं, तेव्हा त्यांच्याही मेंदूत मोजता येण्याजोगे बदल दिसले. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोदा संस्थानात सयाजीरावांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांना एमआरआयची गरज पडली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पण जुनी खोली घेतली की तिथल्या जुन्या सवयीही गळ्यात पडतात.

नातीच्या गणिताच्या वहीत तीनच्या जागी सहा आणि सहाच्या जागी तीन असतात. सूनबाईंना वाटतं, लक्ष नाही. मी म्हटलं, तिच्या वहीतल्या चुका आधी नीट बघ. आपल्या लिपीत ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांचे आरसे आहेत, गुजरातीतही तसेच. आपला 'छत्तीसचा आकडा' त्यातूनच आला: दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. मोठ्यांना हा फरक डोळ्यांत भरतो, पण सहा वर्षांच्या मेंदूला तो फरकच वाटत नाही, आणि त्याचं चुकत नसतं. विश्वामित्री नदीच्या काठावर मगर पडलेली आहे. तिचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, ती मगरच. हे ज्याला झटकन कळलं नाही त्याचा वंश पुढे चालला नसता. कपाचा कान इकडे की तिकडे, कप तोच. जन्मापासून मूल हेच शिकत आलं: दिशा सोडून दे, वस्तू ओळख. आणि पहिलीत आल्यावर आपण सांगतो की इथून पुढे दिशेला महत्त्व आहे. मेंदूला एक उत्तम सवय मोडायची असते, तीही फक्त अक्षर-अंकांपुरती. त्याला वेळ लागतो. सातेक वर्षांपर्यंत उलटी अक्षरं काढणं अगदी सर्रास दिसतं. त्यावरून लगेच डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेचा, शिक्का मारण्यात अर्थ नाही. दुसरीतही अक्षर आणि आवाज यांची जोडीच लागत नसेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवावं.

आपल्या लिप्यांचं आणखी एक गाऱ्हाणं आहे. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर ४०८ आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमध्ये केलेल्या अभ्यासांत दिसलं की, अक्षरांची ही शिकवणी पहिलीत संपत नाही, प्राथमिकच्या वरच्या वर्गांपर्यंत चालू राहते. तेव्हा 'पहिली संपत आली तरी अजून अडखळते' ही तक्रार मला पटत नाही. अडखळणारच. त्यात पहिली वेलांटी तर खास खोडी काढते: 'कि' बोलताना आधी क, मग इ, पण लिहिताना इ आधी डाव्या बाजूला येऊन बसते. हिंदीतल्या अशा शब्दांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम जुळत नाही तिथे वाचणारा अडतो. नात 'दिवस' वाचताना दर वेळी 'द'वर जी घुटमळते, ती याचमुळे.

गणिताकडे वळलो की भाषा पुन्हा आडवी येतेच. तिला 'तेवीस' सांगितलं, तिने ३२ लिहिलं. बरोबरच आहे की! 'ते' म्हणजे तीन, तो आधी ऐकू आला, आधी लिहिला. जर्मनमध्येही 'तीन आणि वीस' असंच म्हणतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांनी ऐकून आकडे लिहिताना केलेल्या चुकांपैकी निम्म्याच्या आसपास याच उलटापालटीच्या होत्या. चिनी मूल मात्र अकराला 'दहा-एक' आणि तेविसाला 'दोन-दहा-तीन' म्हणतं. संख्या कशी बनली आहे ते नावातच उघड. आपल्याकडे त्यावर एकोणीस, एकोणतीस. म्हणजे तीस अजून आलेच नाहीत, तरी त्यांच्यातून एक वजा करून ठेवायचा. आमच्या घरात तर दोन हिशेब चालतात. ८९ ला मी 'एकोणनव्वद' म्हणतो, म्हणजे नव्वदाला एक कमी. बेन 'नेव्यासी' म्हणतात, म्हणजे ऐंशीवर नऊ. पोरीने एका संख्येकडे दोन दारांनी यायचं!

वाचकांना आठवत असेल, २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या प्रमुख होत्या. लोकांनी विनोद केले, मराठी बुडाली म्हणून गळे काढले. मला 'त्रेचाळीस' हा शब्द सोडवणार नाही, कानाला तो गोड लागतो. पण मुलांना अडतं कुठे हे त्या समितीने नेमकं ओळखलं होतं, आणि विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीतल्या मुलाला त्रेपन्न लिहायला सांगून पाहिलं होतं, हे विचारायला हवं होतं.

बोटांबद्दलही असंच. 'बोटांवर मोजू नकोस' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. अमेरिकेतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की, शाळेच्या सुरुवातीला बोटं वापरणारी मुलं बेरीज-वजाबाकीत सरसच ठरतात आणि दुसरीच्या शेवटाकडे ती गरज मागे पडते. माझी आजी अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजायची. एका हातावर बारा, बारा-बारा करत जप व्हायचा. तिला कोणी कधी 'बोटं मिटा' म्हटलं नाही.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. सहा शेंगदाण्यांच्या दोन सारख्या रांगा मांडा. मुलाला विचारा, दोन्हीत सारखेच आहेत ना? मग एक रांग त्याच्यादेखत पसरून लांब करा आणि विचारा, आता जास्त कुठल्या रांगेत? झाँ प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग आहे. सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. नातीने गेल्या गणपतीत तेच केलं होतं. परवा पुन्हा विचारलं, तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, तेवढेच आहेत ना! तुम्ही फक्त सरकवलेत."

पण या प्रयोगाला एक मजेदार शेपूट आहे. १९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तो जरा फिरवून केला. रांग बाईंनी पसरायची नाही. एक खोडकर अस्वलाचं बाहुलं यायचं आणि ती विस्कटून टाकायचं. मग कितीतरी जास्त लहान मुलांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे आधी चुकत होतं ते निव्वळ मोजण्यात नव्हतं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मुलाने हुशारीने ताडलं की यांना वेगळं उत्तर हवं आहे. तोंडी परीक्षेत मूल उत्तर बदलतं तेव्हा मला ते अस्वल आठवतं.

वर्गात सध्या मूगही रुजत घातले आहेत, ओल्या कापसावर, वाटीत. नातीने दोन दाणे मुद्दाम उलटे ठेवले. मूळ तरीही वळून खालीच गेलं. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिठूळ कण असतात, ते वजनाने तळाशी बसतात आणि 'खाली' कुठे आहे ते मुळाला कळतं. तिने उत्तर ऐकलं आणि पुढचा प्रश्न केला, अंतराळात मूग लावला तर? तिथे मुळांना वजनाचा इशाराच मिळत नाही आणि ती इकडेतिकडे भरकटू शकतात, एवढं सांगून मी सुटका करून घेतली.

काल मी पाटीवर देवनागरीत 'मगर' लिहिलं. शाळेत तिला देवनागरी अजून शिकवलेली नाही. तिने पाहिलं आणि लगेच वाचलं. म, ग, र दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखेच. फक्त आमच्या अक्षरांना, तिच्या भाषेत, 'वर दोरी बांधली आहे'. मग 'घर' वाचलं, 'नगर' वाचलं, 'गणपती' जरा घुटमळून वाचला. माझी छाती फुगली. मी 'कमळ' लिहिलं. ती थांबली. गुजरातीतला 'क' अगदीच वेगळा दिसतो. तिने माझ्या 'क'कडे डोकं तिरकं करून पाहिलं, दप्तरातून लाल स्केचपेन काढलं, बेन काढतात तसा त्याभोवती गोल काढला आणि बाजूला गुजरातीत लिहिलं, 'फरी लखो'. पुन्हा लिहा!