कानातल्या खड्यावरून माशाची जात: आधी खाच, मग कड

काही माशांच्या डोक्यात दगड असतो, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होतं. अशा माशांना थंडी जास्त बाधते, असं त्यानं लिहून ठेवलं. पुढे रोमन लेखक प्लिनीनंही तेच उचललं.

बोलताना आपण ‘कानातलं हाड’ म्हणतो, पण ते हाड नाहीच. कर्णाश्म किंवा ऑटोलिथ हा कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत प्रत्येक बाजूला तीन असतात: सॅजिटा म्हणजे बाण, लॅपिलस म्हणजे बारीक खडा आणि ॲस्टेरिस्कस म्हणजे छोटा तारा. बहुतेकांत सॅजिटा सर्वांत मोठा, म्हणून जात ओळखायला तोच घेतात. (कार्प आणि कॅटफिशच्या गटात मात्र हे उलटं आहे.) मासा या खड्यांच्या आधारे तोल सांभाळतो आणि ऐकतो. खड्यावर आयुष्यभर थर चढत राहतात, आणि हाडातला चुना शरीर परत वापरतं तसं इथं सहसा होत नाही.

आकाराकडे शास्त्रशुद्ध लक्ष वेधलं ते जीवाश्मांमुळे. मेलेल्या माशाचा सांगाडा विखुरतो, खडा मात्र गाळात टिकतो. जर्मन अभ्यासक अर्न्स्ट कोकेन यांनी 1884 मध्ये अशा खड्यांवर सविस्तर लिहिलं, आणि नुसत्या कर्णाश्मावरून नामशेष माशांना नावं देण्याची वाट रुळली. या परंपरेत पाहिली जाते ती खड्याच्या आतल्या बाजूची खाच, म्हणजे सल्कस. तिचा पुढचा भाग किती रुंद, मागची शेपटी सरळ की वाकडी, खाच कडेपर्यंत पोचते की मध्येच संपते, यावर निवाडा होतो. 1925 पासून जी. ॲलन फ्रॉस्ट यांनी हयात माशांच्या कर्णाश्मांची तुलना लेखमालेतून मांडली.

मत्स्यव्यवसायाला मात्र भुरळ पडली ती थरांमुळे दिसणाऱ्या वलयांची. योहानेस राइबिश यांनी 1899 मध्ये प्लेस या चपट्या माशाचं वय कर्णाश्मावरून काढलं, 1971 मध्ये जॉर्जियो पॅनेला यांनी रोजची वलयंही दाखवली, आणि खड्याचं कॅलेंडर झालं. आकाराची विद्या टिकली ती पोटं चिरून पाहणाऱ्यांकडे. कॅलिफोर्नियात जॉन फिच यांनी डॉल्फिनसारख्या प्राण्यांच्या पोटातल्या खड्यांवरून त्या प्राण्यांनी कोणते मासे खाल्ले हे ठरवलं. त्यात एक अडचण कायमची: पोटातल्या आम्लानं कडा झिजतात, आणि जवळच्या दोन जातींमधला फरक नेमका त्यातच पुसला जातो.

नंतर संगणक आला. 1982 मध्ये कुल आणि जार्डिना यांनी कोणत्याही बंद आकृतीची कड, म्हणजे बाहेरची रेषा, फूरिए गुणकांत, म्हणजे आकड्यांच्या एका मालिकेत, मांडायची रीत दिली. तिचा माशांशी संबंध नव्हता. 1986 मध्ये हेरिंगच्या खड्यांवर फूरिए विश्लेषण झालं, 1991 मध्ये हेक माशांच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींची तुलना प्रतिमा-विश्लेषणानं झाली. बार्सिलोनाच्या सागरविज्ञान संस्थेतून उभा राहिलेला ‘आफोरो’ हा कर्णाश्मांचा संग्रहही कडेवरच आधारलेला आहे.

माझ्या मते कड पुढे आली ती मोजायला सोपी म्हणून, जास्त बोलकी म्हणून नव्हे. खड्याची सावली पाडली की कड मिळते. खाच मिळत नाही. शिवाय कडेत जातीखेरीज बरंच काही मिसळलेलं असतं. कॅम्पाना आणि कॅसलमन यांनी 1993 मध्ये कॉडचे वेगवेगळे साठे, म्हणजे एकाच जातीचे निरनिराळे समूह, कडेवरून वेगळे काढून दाखवले, पण त्या फरकात वाढीच्या वेगाचा मोठा हात असल्याचंही सांगितलं. म्हणजे एकाच जातीचे दोन मासे, एक भरभर वाढलेला आणि एक रखडलेला, कडेनं वेगळे दिसू शकतात. चपट्या माशांत तर डावा आणि उजवा खडाही जुळत नाही.

म्हणून सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करताना साधारण एकाच लांबीच्या माशांचे, एकाच बाजूचे, न झिजलेले खडे घेतात. आणि आकडे काहीही म्हणोत, जाणकार खडा उलटा करून खाच पाहतोच.