रनिंग-इन, आउटबोर्ड इंजिनाचे

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायच्या नव्या इंजिनाचे आतील भाग एकमेकांशी जुळून येईपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिले १० तास, ते ठरावीक क्रमाने कमी-अधिक भारावर चालवण्याच्या क्रियेस रनिंग-इन म्हणतात. गोव्यात रांपणकारांच्या, म्हणजे रांपण हे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढून मासे पकडणाऱ्यांच्या, आणि किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्यांच्या होड्यांना, तसेच सिकेरी, बागा, पाळोळे येथे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींना अशी इंजिने असतात. नवे इंजिन आले की त्याला हार घालून, नारळ फोडून ते पाण्यात उतरवले जाते. त्यानंतरचे १० तास मात्र अनेकदा घाईत उरकले जातात.

नव्या सिलिंडरची आतील भिंत दिसायला गुळगुळीत असली, तरी तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम कोरलेल्या असतात. या रेषांत तेल धरून राहते आणि त्यांची सूक्ष्म टोके पिस्टनच्या रिंगांबरोबर घासून झिजली की रिंग भिंतीला नेमकी चिकटून बसते. कारागीर यालाच ‘रिंग बसणे’ म्हणतात. रिंगेला भिंतीवर दाबण्याचे काम बहुतांशी जळणाऱ्या वायूचा दाब करतो. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. म्हणून इंजिनावर भार नसेल तर दाब अपुरा पडतो, रिंग बसत नाही, आणि भिंतीवरचे तेल जळून तेथे काचेसारखा चकचकीत थर धरतो. असे इंजिन पुढे तेल खाते, धूर सोडते आणि त्याची ताकद कमी राहते. उलट पहिल्याच तासात थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारी झडप) पूर्ण उघडले, तर न झिजलेल्या टोकांवर उष्णता एकवटते, पिस्टनवर ओरखडे उठतात आणि प्रसंगी इंजिन जाम होते. नव्या इंजिनाला जपायचे म्हणजे ते हळूच चालवायचे, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. पाण्याच्या पिंपात बुडवून ते तासन्‌तास रिकामे चालवल्याने १० तास मोजले जातात, रिंगा मात्र बसत नाहीत.

नेमका क्रम उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी सर्वसाधारण प्रघात असा की पहिला तास मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांपर्यंत किंवा अर्ध्या थ्रॉटलवर, दुसरा तास ३,००० फेऱ्यांच्या आसपास किंवा पाऊण थ्रॉटलवर चालवावे आणि उरलेल्या ८ तासांत पूर्ण थ्रॉटल एका वेळी ५ मिनिटांपेक्षा अधिक देऊ नये. या सगळ्या काळात वेग सारखा बदलत ठेवणे महत्त्वाचे असते. लहान, हाताने वळवायच्या इंजिनांना फेऱ्या मोजण्याचा काटा बहुधा नसतो. तेथे मुठीवरची खूण आणि आवाज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पुस्तिकेतील सूचना बहुधा पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या फायबरच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. रांपणीची जड होडी पाणी कापत जाते, वर उचलली जात नाही. जाळी, बर्फ आणि माणसे भरलेली असताना तिच्यावर अर्धे थ्रॉटल म्हणजेही इंजिनावर मोठा भार असतो. थ्रॉटल उघडे आणि फेऱ्या मात्र कमी, अशी ही स्थिती नव्या इंजिनाला विशेष जाचते. म्हणून पहिले काही तास होडी रिकामी ठेवावी आणि पंखा (प्रोपेलर) होडीच्या वजनाला साजेसा आहे ना, हे रनिंग-इन पुरे झाल्यावर पूर्ण थ्रॉटलवर तपासावे. त्या वेळी फेऱ्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत यायला हव्यात. त्या खालीच राहत असतील तर कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर पुढे सरकणारा, पंखा लागतो.

गोव्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर बसवलेली इंजिने बहुधा ऑगस्टमध्ये पहिल्यांदा चालतात आणि तेव्हा समुद्र खवळलेला असतो. मांडवी नदीच्या मुखाशी आग्वादकडे असलेल्या वाळूच्या दांड्यावर त्या दिवसांत लाटा फुटतात. तेथे जीव वाचवण्यासाठी एकाएकी पूर्ण थ्रॉटल द्यावे लागू शकते, आणि नेमके तेच या काळात टाळायचे असते. त्यापेक्षा मांडवीत रायबंदर-चोडणच्या बाजूला, शापोरा नदीत शिवोलीजवळ किंवा साळ नदीत हे तास भरणे सोयीचे. भरतीचा शेवट गाठावा, कारण तेव्हा पाणी खोल आणि प्रवाह मंद असतो. मालवाहू बार्ज जवळून गेली की उठणाऱ्या लाटांत पंखा पाण्याबाहेर येऊन फेऱ्या अचानक वाढतात; ती दिसताच वेग उतरवावा. पावसाळ्यातील नदीचे पाणी गढूळ असते आणि त्यातून ओंडके, पाने व प्लास्टिक वाहत येते. इंजिन याच पाण्याने थंड होत असल्याने मागून पडणारी पाण्याची धार सतत पाहावी. ती बारीक झाली वा थांबली, तर इंजिन लगेच बंद करून पाणी ओढण्याची जाळी साफ करावी. कोरडे इंजिन क्षणभरही सुरू करू नये, कारण पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) पाण्याविना लवकर जळतो.

टू-स्ट्रोक इंजिनांत तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. अनेक इंजिनांना एरवी ५०:१ हे प्रमाण चालते, पण रनिंग-इनसाठी २५:१ सांगितलेले असते, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० ऐवजी ४० मिलिलिटर तेल. येथे मोटारसायकलचे टू-टी ऑइल वापरू नये. आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, राख न सोडणारे तेल लागते. ते महाग पडते, पण जाम झालेल्या इंजिनाच्या दुरुस्तीहून स्वस्त असते. पेट्रोलचाही प्रश्न आहेच. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मानवते, तर भारतातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण सर्रास मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

फोर-स्ट्रोक इंजिनात या दिवसांत तेलाची पातळी कधीकधी वाढलेली दिसते व त्याला पेट्रोलचा वास येतो. न बसलेल्या रिंगांवरून पेट्रोल खाली उतरल्याने हे होते. थंड समुद्रात ते अधिक, गोव्याच्या कोमट पाण्यात कमी आढळते. पातळी रोज पाहावी आणि खुणेच्या वर गेल्यास तेल बदलावे.

१० तासांनंतर इंजिन रोजच्या कामाला लावता येते, पण पहिली सर्व्हिस सुमारे २० तासांनी करायची असते. फोर-स्ट्रोकचे इंजिन तेल व फिल्टर तेव्हा बदलतात; गिअर तेल दोन्ही प्रकारांत बदलतात. गिअर तेलाच्या बुचाला असलेल्या चुंबकावर राखाडी पिठासारखी भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे दिसले किंवा तेल दुधासारखे पांढरे झाले असेल, तर मात्र गिअर तुटले किंवा सीलमधून पाणी शिरले असे समजावे. फळीवरचे बोल्ट आणि पकडीचे स्क्रू याच वेळी पुन्हा आवळतात, कारण लाकूड दबते आणि ते सैल पडतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे लागते. नदीत रनिंग-इन केले तरी हे चुकत नाही, कारण मांडवी आणि जुवारी यांचे पाणी भरतीबरोबर आतपर्यंत खारे होते.