निहाली : कोरकूच्या सावलीत राहिलेली भाषा

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला जामोद, सोनबर्डी अशा गावांत निहाली बोलली जाते. ती बोलणारे निहाल लोक जेमतेम दोन-अडीच हजार. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही. इतकं दुर्मीळ धन महाराष्ट्रात असून आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण ती नेहमी दुसऱ्याच नावाखाली मोजली गेली.

ब्रिटिश काळात ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात ती शेजारच्या कोरकू आदिवासींच्या कोरकू भाषेसोबत मुंडा या भाषागटात मांडली गेली. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबत आले, त्यांना कोरकू सफाईने येते आणि निहालीतले निम्म्याहून जास्त शब्द कोरकू, मराठी, द्राविडी अशा दुसऱ्या भाषांतून आलेले आहेत. १९६२ मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी ही उसनवारी बाजूला काढून पाहिली, तेव्हा सुमारे पाव शब्दसंग्रह कुठेच जुळेना. एक ते चार या आकड्यांत हे थर स्पष्ट दिसतात : बिडुम, इरार, मोठो, नालो. यातले दोन ते चार द्राविडी वळणाचे आहेत. चारसाठी कन्नडात ‘नाल्कु’ म्हणतात. पाचपासून पुढे सगळे आकडे हिंदी-मराठीकडून आलेले.

पुढे जनगणनेने तिला झाकून टाकलं. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्र दिले जात नाहीत. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली १९,५६९ नावं छाननीनंतर १,३६९ मातृभाषांवर आली आणि छापील यादीत २७० उरल्या. यादीत नाव नाही, म्हणून पाठ्यपुस्तक नाही, शिक्षक नाही. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची अशा छोट्या भाषांसाठीची योजना २०१३ मध्ये आली, म्हणजे चार दशकं हातची गेल्यावर.

भाषेतले शब्द नोंदवून घेतानाही एक चूक वारंवार होते. हिंदीतून शब्द विचारला की समोरचा सोयीचा हिंदी किंवा कोरकू शब्द देऊन मोकळा होतो, आणि ती शब्दयादी पाहून निहाली संपलीच असं वाटतं. त्यापेक्षा दोन निहालांना मोहाच्या वेचणीवर आपसात बोलू द्यावं. ध्वनिमुद्रण विनासंपीडन, म्हणजे आवाजाचा कोणताही भाग न गाळता, ४८ किलोहर्ट्‌झला करावं. मग वाक्यं तोडून प्रत्येक शब्दाचा अर्थ भाषकाजवळ बसूनच लावायचा. एका मिनिटाच्या बोलण्याला तासभर सहज जातो. देवनागरीत लिहिण्याचे नियमही आधीच ठरवावे लागतात. नाहीतर एकच शब्द तिघे तीन तऱ्हांनी लिहितात आणि कोशात तो शोधूनही सापडत नाही.