आरोपीसाठी मोफत वकील: दाखल्याच्या रांगेत थांबू नका, आधी अर्ज करा

शनिवारी रात्री मुलाला पोलिसांनी उचललं. रविवारी दुपारी सुट्टीच्या न्यायालयात उभं केलं आणि तीन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला. आई न्यायालयाच्या आवारात आली ती थेट मंगळवारी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, आधार, वीजबिल आणि सेतू केंद्राची पावती. कुणीतरी सांगितलं होतं, "फुकट वकील पाहिजे तर आधी उत्पन्नाचा दाखला काढा." तिचा अख्खा सोमवार त्या रांगेत गेला होता.

त्या दाखल्याची तिला गरजच नव्हती. मुलगा कोठडीत होता, आणि कोठडीतल्या माणसाला कायदा उत्पन्न विचारत नाही.

ही एक चूक मी इतक्या घरांना करताना पाहिली आहे की बाकी सगळी माहिती तिच्यानंतर सांगतो.

पात्र कोण?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ उघडा, यादी तिथेच आहे. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटनेचा फटका बसलेले, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बंगल्यात राहणारी बाई आरोपी असली तरी तिला हा हक्क आहे. ती घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

उत्पन्नाची अट लागते ती यांपैकी कशातच न बसणाऱ्याला. उदाहरणार्थ, जामिनावर बाहेर असलेला खुल्या प्रवर्गातला पुरुष. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी ५ लाख. आणि इथेही तहसीलदाराच्या दाखल्यावाचून गाडी अडत नाही. याच कायद्याच्या कलम १३ नुसार अर्जदाराचं उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर. खिडकीवर दाखलाच मागितला, तर नम्रपणे कलम १३ म्हणा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

गुन्हा किती गंभीर, याचा पात्रतेशी संबंध नाही. २६/११ च्या खटल्यात कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला होता. त्याच प्रकरणाच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अटक झालेल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणलं जातं तेव्हाच, "तुला वकिलाचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकार देईल," हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ते टाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते.

अर्ज कुठे, कसा

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, पण रोजचं काम पाहतात सचिव, आणि तेही न्यायाधीशच असतात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फौजदारी प्रकरणांसाठी आता बहुतेक जिल्ह्यांत वेगळं लोकअभिरक्षक कार्यालय आहे. मुख्य लोकअभिरक्षक, त्यांच्या हाताखाली उपमुख्य आणि सहायक. ही मंडळी पूर्णवेळ आरोपींचाच बचाव करतात, खासगी प्रकरणं घेऊ शकत नाहीत. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. "फुकटचा वकील म्हणजे शिकाऊ वकील" हा समज म्हणूनच आता जुना झाला. मात्र एकेका वकिलाकडे फायली भरपूर असतात, हे खरं आहे. त्यावर उपाय पुढे.

आरोपी आत असेल तर तीन वाटा आहेत. न्यायालयात उभं केल्यावर तोंडी मागायचं. एवढं एक वाक्य बास: "साहेब, मला सरकारी खर्चाने वकील हवा." किंवा कारागृहातल्या विधी सेवा केंद्रातून अर्ज द्यायचा. तिथे विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतात, लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. किंवा नातेवाइकाने बाहेरून प्राधिकरणात अर्ज टाकायचा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही होतो, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहे. मी स्वतः मात्र माणसाला कार्यालयातच पाठवतो. तिथे समोर बसून अर्धी माहिती भरून मिळते.

अटकेआधीही मदत मागता येते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलीस अटक न करता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात. ठाण्याचा फोन आला, नोटीस आली, की तेव्हाच प्राधिकरणात जा. नोटिशीला हजर राहणाऱ्याला पोलीस सहसा अटक करू शकत नाहीत, करायची झाल्यास कारणं लेखी नोंदवावी लागतात. घाबरून गावाला निघून गेलेल्याचं हे संरक्षण जातं.

अर्जात काय, सोबत काय

छापील नमुना तिथेच फुकट मिळतो. खरी अडचण कागदांची नसते. घरच्यांना पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर माहीत नसतो, तिथे सगळं अडतं. "चोरीची केस आहे" म्हणून वकिलाला काहीही शोधता येत नाही. "अमुक ठाणं, गु.र.नं. इतका, अमुक साल" म्हटलं की पाच मिनिटांत सगळं सापडतं. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पाहता येतो, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून. प्रकरण न्यायालयात आलेलं असेल तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहा. ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख त्यावरूनच कळते.

सोबत ओळखीचा एक पुरावा. जातीच्या आधारावर अर्ज असेल तर जातीचा दाखला, दिव्यांगत्वाच्या आधारावर असेल तर त्याचं प्रमाणपत्र, उत्पन्नावर असेल तर प्रतिज्ञापत्र. हातात असलेले न्यायालयाचे कागद. संपलं. एखादा कागद कमी असला तरी अर्ज आजच द्या, कागद मागून जोडा. अर्जावर लगेच, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत, निर्णय व्हायला हवा. कोठडीतल्या माणसाच्या बाबतीत इतकं थांबण्याचं कारणच नाही. पोच मात्र घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.

अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

पहिली हजेरी

चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर आणावंच लागतं. ही हजेरी कधी कधी चार-पाच मिनिटांत उरकते. दंडाधिकारी नाव विचारतात, मग ठरलेला प्रश्न: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" शेजारी तपास अधिकारी उभा. आरोपी मान हलवतो, "नाही." रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, "तक्रार नाही" असं लिहिलं जातं, आणि पुढे सहा महिन्यांनी मारहाणीचं काही म्हटलं तर हीच नोंद काढून दाखवली जाते.

वकील शेजारी असला की ही चार मिनिटं बदलतात. तो आधी आरोपीशी दोन शब्द बोलायची परवानगी मागतो. अटकेची कारणं लेखी दिली का, आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का, हे पाहतो. कारण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात ही कारणं लेखी द्यायला हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी न्यायालयात उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी. नातेवाइकाला कळवलं का, वैद्यकीय तपासणी झाली का, अंगावर वळ असतील तर त्यात ते लिहिले का, हेही पाहतो. मग मुख्य मुद्दा: पोलीस कोठडी कशासाठी हवी? "सखोल तपास बाकी आहे" एवढंच रिमांड अर्जात असेल, तर मोबाइल जप्त झाला, वस्तू मिळाली, आता आणखी काय हवं, हे वकील विचारतो. पीसीआरऐवजी एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली तर जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवायचा नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब सहसा पुरावा म्हणून चालत नाही, पण कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.

जामीन मिळाला, तरी सुटका नाही

इथे कुटुंबं सगळ्यात जास्त गोंधळतात. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर, हे सगळं विधी सेवेत फुकट. जामीनदार मात्र तुम्हालाच आणावा लागतो. जामीनदाराचं आधार आणि रेशन कार्ड, दोन फोटो, आणि ऐपत दाखवणारं काहीतरी: सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. काही न्यायालयं तहसीलचा ऐपत दाखलाच मागतात, म्हणून ज्या न्यायालयाचा आदेश आहे तिथल्या शिरस्तेदाराला, म्हणजे कार्यालयीन कारकुनाला, आधी विचारा. दाखल्याची रांग लावायचीच असेल, तर ती इथे लावा.

जामीनदार नसेल तर वकिलाकरवी रोख जामिनाची किंवा फक्त वैयक्तिक बंधपत्राची, म्हणजे पीआर बॉण्डची, विनंती करा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कायदाच मानतो आणि त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी मदत योजनाही आहे. जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे अडकलेल्यांसाठी पैसे जिल्ह्याची समिती मंजूर करते. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार यांतले आरोपी त्यात बसत नाहीत.

तारखांचा हिशेब घरीही ठेवा. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या अथवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडायला हवा. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) कायद्यात ही मुदत वाढते. आणि जन्मठेप वा फाशीचा गुन्हा नसेल, दुसरी प्रकरणं प्रलंबित नसतील, तर कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन देय होतो, पूर्वी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांशावरच. त्यासाठी अर्ज करणं कारागृह अधीक्षकाचं काम आहे. वकिलाने आठवण करून दिली की ते होतं.

खटला चालू झाल्यावर

आरोपीच्या हजेरीपासून चौदा दिवसांत दोषारोपपत्राच्या नकला मिळायला हव्यात. पुराव्यात दम नसेल तर वकील साठ दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडण्याचा, अर्ज देऊ शकतो. पुढे साक्षी, उलटतपास, युक्तिवाद. वकिलाला खरं सांगा. तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणं गोपनीय असतं, तुमच्या संमतीवाचून तो ते उघड करू शकत नाही.

फायलींच्या ढिगाऱ्यावरचा उपाय असा: प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी कार्यालयात जाऊन गु.र.नं. सांगा, साक्षीदार कोण आहे ते विचारा. आरोपी सोळा तारखेला रात्री कामावर होता, हजेरीपट आहे, हे वकिलाला घरच्यांनीच सांगायचं असतं. वकिलाने पैसे मागितले तर देऊ नका, सचिवांकडे लेखी तक्रार करा. काम होत नसेल तर कारणं लिहून वकील बदलून मागता येतो.

शिक्षा झाली तर निकालाची प्रत मोफत मिळते. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत. अपील कारागृहातून अधीक्षकामार्फतही पाठवता येतं, आणि उच्च न्यायालयात वकील देते तिथली विधी सेवा समिती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.