प्रकृती जन्माची, विकृती परवाची

"ताई, मनी प्रकृती पित्तनी शे."

अमळनेरच्या माझ्या आयुर्वेदाच्या दवाखान्यात खुर्चीवर नीट टेकायच्या आत हे अहिराणी वाक्य येतं: माझी प्रकृती पित्ताची आहे. मी विचारते, कधीपासून? उत्तर येतं, दिवाळीपासून. किंवा धुळ्याला बदली झाल्यापासून. किंवा मुलीच्या लग्नाच्या धावपळीपासून. जे दिवाळीपासून सुरू झालं ती प्रकृती नव्हे, ती विकृती. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यावरून ताट ठरतं आणि चुकीच्या ताटानं माणसं आजारी पडतात. वीस वर्षं हे बघून मी थकले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

यात निम्मा दोष आपल्या मराठीचा आहे. आपण भेटल्यावर विचारतो, "प्रकृती कशी आहे?" कुणी दवाखान्यात असेल तर म्हणतो, "प्रकृती बिघडली." म्हणजे रोजच्या बोलण्यात प्रकृती म्हणजे तब्येत, आज बरी आणि उद्या वाईट होणारी. आयुर्वेदातली प्रकृती नेमकी याच्या उलट आहे: ती बिघडत नाही आणि बदलतही नाही. आणि विकृती हा शब्द मराठीत इतका वाईट अर्थाला गेला आहे की स्वतःबद्दल तो कुणी उच्चारणार नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टींसाठी लोकांजवळ एकच शब्द उरला. हे एकदा लक्षात आलं की मला कुणाचाच राग येत नाही. राग येतो तो दहा प्रश्नांची चाचणी देऊन "तुमची प्रकृती अमुक" असा निकाल हातात ठेवणाऱ्या मोबाइलमधल्या अ‍ॅपचा. त्यातले निम्मे प्रश्न हल्लीच्या त्रासाचे असतात: जळजळ होते का, झोप लागते का, पोट साफ होतं का. उत्तरं विकृतीची आणि निकाल प्रकृतीचा.

वात, पित्त आणि कफ ही शरीर चालवणारी तीन तत्त्वं, आयुर्वेद त्यांना दोष म्हणतो. प्रकृती गर्भधारणेच्या वेळी ठरते. त्या क्षणी ज्या दोषाचा जोर असेल त्याची छाप शरीरावर आणि मनावर कायमची बसते. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही सारखे असलेली सम, अशा सात प्रकृती. सुश्रुतांनी स्पष्ट म्हटलं आहे की प्रकृती वाढत नाही, घटत नाही, दुसरी होत नाही. तसं झालंच तर आयुष्य संपत आल्याचं ते लक्षण समजावं. त्यांचाच दाखला फार बोलका आहे: विषात जन्मलेला किडा त्या विषानं मरत नाही, तसा प्रकृतीतला दोष त्या माणसाला बाधत नाही. म्हणजे पित्तप्रकृती हा आजार नाही. तिला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही.

विकृती म्हणजे या जन्मजात प्रमाणावर आज चढलेला किंवा उतरलेला दोष. ती ऋतूनं येते, खाण्यानं येते, जागरणानं, काळजीनं, वयानं येते, आणि उपाय केला की जाते.

आता खरी अडचण. चोपड्याकडचे एक काका, वय ५८. नवरात्राच्या आसपास आले. गळ्यापर्यंत जळजळ, तोंडात फोड, पाठीवर गांध्या, दिवसातून चारदा पातळ जुलाब. सोबत काकू होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले." काकांना मी बघितलं: रुंद छाती, या वयातही दाट केस, सावकाश बोलणं, गाढ झोपेची सवय. कफप्रकृती, शंकाच नको. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि तिथेच घात झाला. श्रावणापासून त्यांनी कफाला मारक म्हणून जे वाचलं ते सगळं सुरू केलं होतं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारपर्यंत उपास, जेवणात लसूण आणि ठेचा, वर दोन वेळा सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण. पावसाळ्यात पित्त साठतच असतं आणि शरदात ते उसळतं. त्या आगीत त्यांनी दोन महिने तेल ओतलं. प्रकृती कफाची, विकृती पित्ताची, आणि ताट प्रकृतीचं.

मी तूप सांगितलं तेव्हा ते घाबरले. "तूप? माझी तर कफ प्रकृती!"

त्याच आठवड्यात पारोळ्याच्या एक शिक्षिका आल्या. त्रास हुबेहूब तोच, जळजळ आणि तोंड येणं. अंगानं सडपातळ, टाचा लहानपणापासून फुटलेल्या, बोलणं भरभर, वाताची प्रकृती. विकृती मात्र काकांसारखीच पित्ताची. दोघांना एकच कागद लिहून दिला असता तर एकाचं तरी नुकसान झालं असतं. पित्त शमवणारे रस तीन: गोड, कडू, तुरट. गोड रस पित्ताबरोबर वातही शमवतो, पण कफ वाढवतो. कडू आणि तुरट पित्ताबरोबर कफही उतरवतात, पण वात वाढवतात. म्हणून बाईंना दूध, तूप, भिजवलेल्या काळ्या मनुका, मऊ भात आणि पचत असेल तर दुपारी एक पिकलेलं केळं. काकांना पडवळ, कारलं, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, आवळा, आणि तूप दिलं ते कडू औषधांत सिद्ध केलेलं, मोजून. पुढे त्यांचं विरेचन केलं, म्हणजे औषधानं जुलाब करवून पित्त बाहेर काढलं, ते माझ्या देखरेखीखाली. घरी एरंडेल पिऊन कुणी ते करू नये. रावेर-यावलची केळी त्यांच्या घरी घडानं येतात, ती तेवढे दिवस बंद.

काय करायचं ते विकृती सांगते. कसं करायचं ते प्रकृती सांगते. चरकांनी रोग्याला तपासायचे जे दहा मुद्दे दिले, त्यांत प्रकृती आणि विकृती हे पहिले दोन, वेगवेगळे दिले आहेत. ते एकच असते तर नऊ मुद्दे पुरले असते.

तरी हा घोळ मिटत का नाही, याचं कारण मला सापडलं आहे असं वाटतं. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. ज्याची प्रकृती पित्ताची, त्याचं पित्त लवकर भडकतं. थोडं ऊन, थोडी शेवभाजी पुरते. अशा माणसानं प्रकृतीचं पथ्य केलं तरी त्याला बरं वाटतं, आणि तो दहा जणांना सांगतो. त्या दहांतल्या ज्यांचं जुळत नाही ते माझ्याकडे येतात. जुळलेल्यांचं सोपं असतं असंही नाही. प्रकृतीचाच दोष भडकून झालेला रोग बरा करायला अवघड, असं शास्त्र सांगतं. त्यांना वर्षानुवर्षं जपावं लागतं.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न विचारायला सांगते: कधीपासून? "लहानपणापासून", "वडिलांसारखंच", "आमच्या घरात सगळ्यांचंच असं" ही उत्तरं प्रकृतीकडे बोट दाखवतात. महिना, सण, बदली, बाळंतपण, नवी नोकरी असं काही उत्तरात आलं की ती विकृती. पण माणूस स्वतःबद्दल विसरतो. दहा वर्षं जागरण केलेल्याला वाटतं आपण जन्मतःच असे. म्हणून मी लग्नातला फोटो आणायला सांगते, आणि जमलं तर आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत. "हा लहानपणी झोपला की ढोल वाजवला तरी उठायचा नाही," असं आई म्हणाली की आजचा निद्रानाश प्रकृतीतला नाही हे दोन मिनिटांत कळतं. अंगकाठी, केसांचा पोत, चालण्या-बोलण्याची गती, भुकेची जात, रागाची आणि विसराळूपणाची तऱ्हा, एवढं बघा. आजचं पोट आणि आजची झोप त्यात धरू नका.

प्रकृतीसाठीचा आहार सौम्य असतो आणि तो जन्मभराचा असतो. स्वस्थ माणसानं आपल्या प्रकृतीच्या उलट गुणांचं थोडं जास्त खावं, इतकंच. वाताच्या माणसाला कळण्याची भाकरी किती चांगली! ज्वारीचा कोरडेपणा उडदाच्या स्निग्धपणानं भरून निघतो; आपल्या आज्यांनी हे पुस्तक न वाचता साधलं. विकृतीचं पथ्य कडक असतं आणि त्याला तारीख असते. पंधरा दिवस, महिना, लक्षणं गेली की बंद. माझं ठाम मत आहे की ज्या पथ्याच्या कागदावर संपायची तारीख नाही तो कागद घेऊच नये. पाच-पाच वर्षं वांगं, तूर, टोमॅटो सगळं सोडून बसलेल्या बाया मला भेटतात. कुठल्याशा जुन्या जळजळीसाठी कुणीतरी बंद केलं आणि सुरू करा म्हणायला कुणी आलंच नाही. हाडं दिसायला लागतात, तरी त्या म्हणतात, प्रकृतीला चालत नाही.

"संतुलन" या शब्दाचंही तसंच झालं आहे. तिन्ही दोष समसमान करणं म्हणजे संतुलन, असं लोक धरून चालतात. आपल्या जन्माच्या प्रमाणाकडे परत येणं हे संतुलन. सडपातळ, चपळ मुलाला जाडजूड करणं हे संतुलन नाही. त्याला गाढ झोप, वेळेवर भूक आणि मऊ पोट मिळालं की तो संतुलित झाला, बरगड्या दिसत असल्या तरी.

ऋतूचं थोडक्यात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सगळे पित्ताच्या नावानं ओरडतात. शास्त्राप्रमाणे ग्रीष्मात वात साठतो, भूक आणि ताकद उतरते. पित्ताचा खरा भडका शरदात, ऑक्टोबरच्या उन्हात. उन्हाळ्यात गार, गोड, पातळ आणि स्निग्ध खावं, दुपारी डुलकी घ्यावी हे खरंच आहे. पण उन्हाळा आला म्हणून वाटीभर दही चापू नये. दही हाताला गार लागतं, पोटात उष्ण आहे, आणि ग्रीष्म, शरद, वसंतात ते एरवी टाळायलाच सांगितलं आहे.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते. छातीत जळजळ, सोबत घाम, जबड्याकडे किंवा डाव्या हातात कळ, तर प्रकृती-विकृती काही बघू नका. थंड दूध पिऊन पडून राहू नका, मोठ्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. काळी शौच, विनाकारण उतरणारं वजन, घास अडकणं, यांनाही पित्त म्हणून घरी बसू नये.

काका मार्गशीर्षात परत आले. तोंड बरं, गांध्या गेलेल्या, आवाज पुन्हा सावकाश. चंपाषष्ठी जवळ आली होती आणि एकच प्रश्न घेऊन ते तासाभराचा प्रवास करून आले होते: भरीत चालेल का? हेमंतात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बळकट असतो. मी म्हटलं, खा. वांगी काड्यांवर भाजलेलीच, कांद्याची पात भरपूर, हिरवी मिरची नेहमीच्या निम्मी, कच्चं तेल जरा हात राखून. सोबत ज्वारीची भाकरी घ्या. कळण्याच्या पुऱ्या तुमच्या अंगाला जड, दोनच. काकूंनी ते कागदावर लिहून मागितलं. मी लिहिलं, आणि खाली तारीख घातली: माघापर्यंत.