गप्प पडलेल्या आजींकडे जरा नीट बघा

परवापर्यंत नातवंडांची नावं घेऊन बोलणाऱ्या आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर नुसत्या पडून आहेत, हाक मारली की डोळे उघडतात नि परत मिटतात, आणि सिस्टर म्हणतात "वय झालंय ना, होतं असं". हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण बऱ्याचदा ते वय नसतं, डिलिरियम असतो, म्हणजे आजारपणात मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. आपल्या जुन्या लोकांना हा माहीत होता, तापात कुणी बरळायला लागलं की म्हणायचे वात झालाय. पण वात म्हटलं की बडबड, सलाईन उपटून टाकणं हेच डोळ्यासमोर येतं, आणि याचा दुसरा प्रकार अगदी उलटा, पेशंट एकदम गप्प, सुस्त, कुणाला त्रास नाही म्हणून कुणाचं लक्षही नाही. मागे असतं काय तर युरिन इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी झालेलं, सोडियम उतरलेलं, झोपेची गोळी, तुंबलेली लघवी, कधी साधं पोट साफ नसणं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, डिलिरियम काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत येतो आणि दिवसभर कमीजास्त होत राहतो, आणि मूळ कारण वेळेत सापडलं तर बरेचदा उतरतोही.

अमेरिकेत शॅरन इनोये या डॉक्टरांच्या टीमने 2001 मध्ये एक अभ्यास छापला, सत्तरी ओलांडलेले 797 पेशंट, नर्सने काय टिपलं आणि संशोधकांनी तपासून काय काढलं ते शेजारी शेजारी ठेवून बघितलं. डिलिरियम झालेल्यांपैकी फक्त 31 टक्के पेशंट नर्सेसच्या लक्षात आले होते. सुटले कोण, तर जास्त करून ऐंशीच्या पुढचे, नजर अधू असलेले, आधीच डिमेन्शिया असलेले आणि गप्प पडलेले. म्हणजे ज्यांना बघून "म्हातारपण" असं आपण मनात आधीच ठरवून टाकतो तेच! मला वाटतं नुसतं ट्रेनिंग देऊन हे पुरतं सुटणार नाही, लक्षणं पाठ असली तरी ते ठरवून टाकणं मधे येतंच. सिस्टरांना दोष देत नाहीये हां, रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकदोघींवर असतो, पण पेशंटमधला बदल पहिल्यांदा दिसू शकतो तो त्यांनाच, डॉक्टर राउंडपुरते येतात.

याच इनोयेंच्या टीमने त्याआधी 1999 मध्ये 852 पेशंटवर दाखवलं होतं की डिलिरियम टाळताही येतो. तिथे जादूचं औषध वगैरे नव्हतं. आज वार कुठला, आपण कुठे आहोत हे सांगत राहायचं, लवकर उठवून चालवायचं, पाणी पाजायचं, चष्मा आणि कानाचं मशीन लावायचं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीला मालिश. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला, हे सगळं केलं त्या वॉर्डात 9.9 टक्के.

तिकडे यातल्या बऱ्याच कामांसाठी व्हॉलंटियर तयार करावे लागले, आपल्याकडे मुलगी किंवा सून खाटेशेजारी बसलेलीच असते. सिस्टरांनी तिला फक्त एवढं विचारावं, "आजी घरी पण अशाच असतात का?" आणि ती नाही म्हणाली तर लगेच डॉक्टरांना कळवावं. आणि आपण, हरवेल म्हणून आजींचा चष्मा नि कानाचं मशीन पर्समध्ये टाकून घरी नेतो ना, ते उद्या परत घेऊन या.