आरोग्य सेविका व अधिपरिचारिकांसाठी नोंदणी नूतनीकरण : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कोकणातील उपकेंद्रांत काम करणाऱ्या आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अधिपरिचारिका यांची व्यावसायिक नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नोकरी कायम असो वा कंत्राटी, सेवा बजावण्याचा अधिकार या नोंदणीवरच उभा असल्यामुळे मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी तयारीला लागावे.

परिषदेकडे आधीची नोंदणी असलेली आणि त्या कालावधीत निरंतर परिचर्या शिक्षणाची, म्हणजे सीएनईची, अट पूर्ण केलेली परिचारिका अर्जास पात्र ठरते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष पाच वर्षांत १५० तासांचा आहे. प्रशिक्षणाला गेल्याचे प्रत्येक प्रमाणपत्र यात धरले जाईलच असे नाही. त्यावर महाराष्ट्र परिषदेची मान्यता आणि गुणांकन, म्हणजे क्रेडिट गुण, नमूद आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे. मंडणगड किंवा देवगडच्या आतल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात अख्खा दिवस मोडतो आणि मागे उपकेंद्र सांभाळायला कोणी नसते. म्हणून मान्यताप्राप्त कार्यशाळा तालुक्यातच भराव्यात, अशी लेखी मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करणे रास्त आहे.

मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मागील नूतनीकरणाची प्रत, अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, सीएनईची प्रमाणपत्रे, आधार कार्ड, छायाचित्र आणि स्वाक्षरी ही कागदपत्रे जवळ ठेवावीत. अर्ज भरताना परिषदेच्या संकेतस्थळावरील चालू यादी व शुल्क पुन्हा पाहावे.

सर्वांत जास्त अडचण नावाची येते. प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, मधे वडिलांचे. आधारवर मात्र सासरचे आडनाव आणि पतीचे नाव. परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीत मिळणारा एनयूआयडी हा विशिष्ट क्रमांक आधारशी जोडलेला असल्याने ही तफावत तिथेही आड येते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडून आधी परिषदेच्या नोंदीतील नाव दुरुस्त करून घ्यावे आणि मगच पुढचे अर्ज करावेत. दोन्हीकडे एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी अर्ज गेले, तर ते निस्तरणे फार त्रासाचे होते. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरकही दुर्लक्षू नये.

सावंतवाडी, दोडामार्ग भागातील ज्यांनी गोवा किंवा कर्नाटकात शिक्षण घेऊन तिथेच पहिली नोंदणी केली, त्यांना त्या राज्याच्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि पडताळणी मिळवून इथे नोंदणी करावी लागते. यात दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार असल्याने हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

अर्जाची पोचपावती आणि शुल्काची पावती जपून ठेवावी. नूतनीकरण झाल्यावर त्याची एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत आस्थापना शाखेकडे देऊन, नियमित सेवेत असल्यास सेवापुस्तकात तशी नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी.